दोनशे तेरावी नोंद

मला शिव्या द्यायच्या असल्या तर द्या, पण आधी सगळं ऐकून घ्या. मधी मी स्वतःची बाजू मांडणार न्हाई. आमच्या बैठकीचा नियमच आहे तो. ज्याचं सॉफ्टवेअर, त्यानं तोंड शिवून बसायचं आणि बाकीच्यांनी ते फोडायचं.

बैठक म्हणजे दर दुसऱ्या रविवारी तेरमधे, वाचनालयाच्या माडीवर. मी दैवशाला. पुण्यात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची नोकरी केली, लॉकडाऊनला गावी आले ती इथंच राहिले. लग्न केलं न्हाई. त्याची चर्चा गाव करतं, मला वेळ नसतो. इथली पोरं धडाधड ॲप करायली होती, कुणी डेअरीचं, कुणी क्लासचं, कुणी ट्रॅक्टरच्या पाळीचं, आणि कुलूप एकालाबी न्हाई. विचारलं तर म्हणायची, ताई, आपल्या गावात कोण येतंय चोरी करायला? माझं डोकं फिरलं. म्हणलं, या रविवारी, भाकरी बांधून आणा, चोरी कशी करतात ते मीच दावते.

आठ महिन्यांत वीस-बावीस जण जमायला लागले. जिन्याच्या तळाशी मी बांबूची दुरडी ठेवली होती. वर यायच्या आधी फोन त्या दुरडीत टाकायचा, वरून टॉवेल. कुणाच्या प्रोग्राममधली फट फोटोतून बाहेर जायला नको. त्या दुरडीचा मला एवढा अभिमान की पुण्याच्या मैत्रिणींना तिचा फोटो पाठवला होता.

सगळ्यात हुशार रणधीर. ढोकीच्या पलीकडच्या एका वाडीचा, बावीस वर्षांचा, पन्नास एकर उसाच्या घरातला. हंगामात ट्रॅक्टर कारखान्यावर रांगेला लावून यायचा, अंगावर पाचटाची कुसळं तशीच. बोलायचा कमी. पण फट हुंगण्यात त्याच्यासारखा मी पुण्यातबी बघितला न्हाई, आणि हे मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

आता माझं ॲप. त्याचं नाव ‘ओटी’. इथल्या एका संस्थेच्या आरोग्यसखी घरोघर फिरून गरोदर बायांची नोंद करतात, त्यांच्यासाठी मी फुकट करून दिलं. नाव, महिना, फोन, सध्या कुठं राहते, आणि माहेर. माहेरचा रकाना मी सक्तीचा केला होता, तो भरल्याबिगर नोंद पुढं सरकायचीच न्हाई. पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलते, मग सखीनं तिला हुडकायचं कुठं? आणि आपल्याकडं बाईची ओळख तशीच देतात की, अमक्याची लेक, तमक्या गावची. पुण्यात बसून केलं असतं तर हा रकाना सुचलाबी नसता. स्वतःच्या शहाणपणावर खूश होते मी.

तर त्या मंगळवारी मला माझ्याच ॲपमधे फट घावली. नोंद उघडली की वरच्या पट्टीत तिचा नंबर दिसायचा. तिथं बाराचे तेरा केले की तेरा नंबरच्या बाईचं सगळं समोर. विचारणारी कोण, तिला ते बघायचा हक्क आहे का, हे माझं ॲप तपासतच नव्हतं. बुजवायला अर्धा तास लागला असता.

शिव्या द्यायची जागा ही. मी ती बुजवली न्हाई. रविवारच्या बैठकीला राखून ठेवली, पाहुण्यांसाठी साय राखतात तशी. खोटी माणसं घालून केलेल्या प्रतीवर पोरं शिकत न्हाईत, खरी फट बघितली की डोळे उघडतात, असं माझं म्हणणं. पाच दिवसांत काय होतंय? नोंद नंबर एकला मी चाचणीसाठी माझंच नाव टाकलेलं, दोनला आमच्या म्हशीचं, महिना नववा. एखाद्या पोरीला एकाचे दोन करायला सांगायचं, म्हैस दिसली की सगळे हसणार, आणि जेवायच्या आधी फट बुजवून टाकणार, असा बेत होता.

त्या रविवारी लॅपटॉपवर प्रीती बसली होती, धाराशिवच्या कॉलेजची पोर. प्रोजेक्टर लावलेला. मी म्हणलं, “नंबर बदल गं.” एकाचे दोन कर, एवढं म्हणायचं राहिलं. तिनं सहज आपला रोल नंबर टाकला. दोनशे तेरा.

भिंतीवर वीतभर अक्षरं उमटली. अर्पिता. सातवा महिना. वडील ज्ञानोबा. माहेर म्हणून रणधीरच्याच वाडीचं नाव. सध्या राहणार माकणी, धरणाच्या रस्त्याला, केशरबाईच्या घरी. खाली फोन नंबर.

ज्ञानोबा रणधीरचे सख्खे चुलते. दोन वर्षांमागं त्यांच्या अर्पितानं राजपालशी कोर्टात लग्न केलं. राजपाल बौद्ध, त्याचा बाप ह्यांच्याच शेतात सालानं राहिलेला. अर्पिताचा थोरला भाऊ बजरंग भर चौकात म्हणला होता, दिसली तर दोघांनाबी जित्तं ठेवत न्हाई. नुसतं बोलून थांबला न्हाई. राजपालच्या बापाचा हात मोडला, घरावरचे पत्रे उचकटले, आणि ते बिऱ्हाड गाव सोडून गेलं. पोरगी कुठं आहे ते दोन वर्षं कुणाला म्हणून ठाऊक नव्हतं. ते माझ्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

मी वायर ओढली. दहा सेकंदं गेली असतील. रणधीर उठला.

“ताई, आलो जरा,” एवढंच म्हणला. जिना उतरला, दुरडीतून फोन घेतला, आणि खाली मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला.

दुरडीत सगळ्यांचे फोन शाबूत होते. फोटो कुणीच काढला नव्हता.

मी जिन्यातच बसले. रणधीरला सहा वेळा फोन लावला, उचलला न्हाई. प्रीती विचारायली, “ताई, माझं काय चुकलं का?” मी तिच्यावर खेकसले, आणि मग तिलाच पाणी मागितलं. ॲपचा सर्व्हर तिथल्या तिथं बंद करून टाकला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

अर्पिताचा नंबर डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिला लावला. उचलला न्हाई. परत लावला. चौथ्या वेळेला कुणीतरी उचलला, पण बोलेना. नुसता श्वास ऐकू यायला लागला. मी म्हणलं, “अर्पिता, मी तेरवरनं बोलते. तुझा पत्ता तुझ्या घरच्यांना कळलाय, तिथनं नीघ.” फोन कट झाला. त्यानंतर बंदच. तिच्या जागी मी असते तर मीबी तेच केलं असतं. अनोळखी बाई, आपलं नाव घेते, पत्ता कळलाय म्हणते. ही सावध करायली का धमकी द्यायली, तिनं कशावरनं ओळखावं?

माकणीची सखी राजेश्वरी, तिचा फोन रेंजच्या बाहेर. राजपालचा नंबर नोंदीत नव्हताच, नवऱ्याच्या नंबरची सक्ती मी केली नव्हती, माहेराची केली होती. पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणला, “मॅडम, पोरगा पत्ता वाचून उठून गेला, यात गुन्हा कुठला नोंदवू?” मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

स्कूटी काढली आणि निघाले. तेरच्या पुलाखालनं जाणारी तेरणा नदीच पुढं माकणीच्या धरणाला मिळते. लहानपणापासून ठाऊक असलेला रस्ता, पण त्या दिवशी संपेना. जानेवारी महिना, उसाचा हंगाम भरात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, टेपवर गाणी मोठ्यानं. हॉर्न वाजवून अंगठा दुखायला लागला. एका ड्रायव्हरनं हात करून सांगितलं, दमानं मावशी. मी रडत होते ते त्याला काय दिसणार.

सारखं एकच डोक्यात. त्या पोराला मीच शिकवलं. कुठं बघायचं, काय ध्यानात ठेवायचं, कागदावर न लिहिता नंबर कसा पाठ करायचा, सगळं मी. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं तर मी कुंपणाला भोक ठेवून माणसं बघायला बोलावली होती. सात महिन्यांची गरोदर पोर ती. काय झालं तर मी तोंड कुणाला दावू, आणि दावून तरी तिला काय उपयोग?

माकणीला पोचले तेव्हा दीड वाजला होता. केशरबाईचं घर दोन खणांचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. उंबऱ्यात एक साठीची बाई उभी. मी स्कूटी लावायच्या आत तिनं विचारलं, “कोण पायजे?”

“अर्पिता आहे का? मी दैवशाला, तेरची. मीच मघाशी फोन केला होता.”

बाई मला खालीवर बघत राहिली. “तूच व्हय ती फोनवाली. गेली ती. जेवत व्हती, ताट तसंच हाय बघ. दोन घास बी न्हाई गेले पोटात.”

“कुठं गेली?”

“तुला सांगू?”

मी तिथंच अंगणात बसले आणि सगळं सांगितलं. ॲप, नंबर, भिंत, रणधीर. केशरबाईला ॲप कळलं नसेल, पण बाकीचं बरोबर कळलं. ती राजपालची आत्या. म्हणली, “दोन वरीस म्या ती पोर झाकून ठेवली. राशनच्या दुकानात नाव न्हाई दिलं. भावकीत लग्नाला न्हेली न्हाई. राजेश्वरी म्हणली, बाळातपणाला नोंद लागती, दवाखान्याची गाडी येती, म्हणून त्या येका जाग्यावर नाव लिवलं. माहेर सांगू नगं म्हणलं म्या. तर राजेश्वरी म्हणती, त्याबिगर फोन फुडं जात न्हाई.”

मी आत डोकावले. ताट खरंच तसंच होतं. भाकरीचा तुकडा मोडलेला, वरणावर साय धरलेली.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. रणधीर. आणि त्याच्या मागं, डोक्यावरचा पदर दातात धरून, पन्नाशीची एक बाई. मांडीवर कापडी पिशवी. केशरबाईनं त्यांना बघितलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला.

मी रणधीरची कॉलरच धरली. तो हलला न्हाई.

“ताई, काकू हाय ही. मथुराकाकू. अर्पिताची आई. दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई मी. दोन वर्सं झाली काकू जेवायला बसली की पहिला घास बाजूला काढून ठेवती, मी बघतो ना रोज. म्हणलं एकदा तरी तोंड बघू दे लेकीचं. सातवा लागलाय म्हणल्यावर उठलीच ती, गावात देवीला जाती म्हणून सांगून.”

मथुराबाईनं पिशवी उघडून दावली. नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, आणि हिरवा इरकली खण. खणाला कापराचा वास, ट्रंकेत बरीच वर्षं राहिलेला असणार.

“कुठं हाय माझी पोर?” बाईनं मला विचारलं.

माझा हात कॉलरवरनं सुटला. मला बरं वाटलं का? हो, वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्धा मिनिट वाटलं. मग रणधीरचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. बजरंग.

त्यानं उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा की मलाबी ऐकू आला. “माकणीत काय करायलास रं? आईबी घरी न्हाई. कुणाच्या दारात हाव तुमी?”

त्यांच्या घरात एक पद्धत. हंगामात कुठला ट्रॅक्टर कुठं अडकलाय ते कळावं म्हणून सगळ्यांचे फोन कुठं आहेत ते एकमेकांना नकाशावर दिसत ठेवायचे. ऑक्टोबरला चालू करायचं, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की बंद करायचं. रणधीरला ते आठवलंच न्हाई. आठ महिने शिकवलेला, फट हुंगणारा माझा रणधीर, स्वतःच्या खिशात फट घेऊन पन्नास किलोमीटर आला.

“तिथंच थांब, आलो मी,” बजरंग म्हणला आणि फोन ठेवला.

“कुठं आहे तो?” मी विचारलं.

“इथंच हाय जवळ. ऊसतोडीच्या टोळीची माणसं आणायला गेलता. अर्ध्या तासात येतो.”

मी म्हणलं, “फोन बंद कर, काकूला घे, धरणाच्या वरच्या रस्त्यानं काढ.” बाई हलेना. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “रणधीर म्हणला, तुमच्या मशिनीत सगळ्या बायांचं असतंय. आता कुठं गेली ते बी असंल की. बघा तेवढं. लांबनं बघते, बोलत बी न्हाई.”

आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. राजेश्वरी. रेंजमधे आली होती. मी उचलला, तर ही बया श्वास न घेता सुरू. “ताई, ॲप बंद का हाय? एक पत्ता बदलायचाय, लई अर्जंट. ती अर्पिता हाय बघा, दोनशे तेरा, तिला मी आत्ताच…” आणि तिनं गावाचं नाव घेतलं, घरमालकिणीचं नाव घेतलं, गल्ली सांगितली. “पोटात कळा यायल्यात तिच्या. रस्ता लई खराब, जीपनं हादरली. पण डॉक्टरीणबाई बघायल्यात, काळजी नका करू.”

मथुराबाई माझ्यापासून हातभर लांब. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

“कुठंबी लिहू नको,” मी म्हणलं. “आणि परत कुणाला फोनवर सांगू नको. मलाबी न्हाई.”

“तुमाला बी न्हाई? ॲप तर तुमचंच हाय की.”

मी फोन ठेवला.

“कोण व्हतं?” मथुराबाईनं विचारलं.

“ऑफिसातलं.”

“माझ्या पोरीचं काय?”

पोटात कळा येऊन तिची लेक कुठल्या गल्लीत पडली आहे, ते मला ठाऊक होतं. तिच्या आईला सांगितलं असतं तर ती तासाभरात तिथं पोचली असती. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बजरंगनं विचारल्यावर ती बाई किती वेळ गप्प राहिली असती? डोळे बघूनच कळत होतं, हिला खोटं बोलता येत न्हाई.

“मशीन बंद आहे,” मी म्हणलं. “काही दिसत न्हाई त्यात.”

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. मी नेहमी सांगायचे, ज्याचं ॲप त्याला सगळं दिसतं, त्याच्यापासनं लपवायची सोय नसते. खाली मान घालून त्यानं गाडीला किक मारली.

मथुराबाईनं बंद दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. “लेकीच्या नावानं काढलेली ओटी घरी माघारी न्हेऊ काय मी? ओढणी पसरा.”

“अहो मावशी, मी… माझं लग्नसुद्धा—”

“पसरा म्हणते ना.”

मी ओढणी पसरली. तिनं मला कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ. तांदूळ बरेचसे अंगणात सांडले. “भेटली तर द्या,” म्हणली. गाडी वळली तरी ती मागं वळून दाराकडंच बघत होती.

मी मदतीच्या नंबरवर परत फोन केला, ह्या वेळी बजरंगचं नाव सांगून. गाडी पाठवतो म्हणला. गाडी यायची तेव्हा येईल. केशरबाई आत एकटी. मी जाणार तरी कुठं? तिच्या उंबऱ्यावर बसले, ओटी मांडीवर घेऊन. आतनं विचारलं तिनं, “गेले का?” मी म्हणलं, “हे गेले. दुसरा यायचाय. दार उघडू नका.” राजेश्वरीचा फोन आलेला यादीत दिसला असता, म्हणून माझ्या फोनमधलं सगळं पुसलं, तो बंद केला आणि अंगणातल्या चुलीच्या राखेच्या ढिगात पुरला.

बजरंग वीस मिनिटांतच आला. जीप अंगणाच्या तोंडाशी लावली. त्यानं सांडलेले तांदूळ बघितले, माझ्या मांडीवरचा नारळ बघितला, आणि खणावर त्याची नजर थांबली. आईच्या ट्रंकेतला खण पोराला ओळखू येणारच.

“अर्पिता कुठं हाय?”

“मला काय ठाऊक.”

“मग ही ओटी कुणाची?”

“माझी,” मी म्हणलं.

तो माझ्या पिकलेल्या केसांकडं, मोकळ्या गळ्याकडं, कपाळावरच्या ताज्या कुंकवाकडं बघत राहिला. मग जीपची चावी काढून खिशात घातली आणि समोरच्या कट्ट्यावर बसला. मीबी उठले न्हाई.